भिंतीला भोक न पाडता दोन सायकली घरात: ताणाच्या खांबाचा वापरानंतरचा अनुभव

पुण्यात कर्वेनगरात तिसऱ्या मजल्यावर भाड्याचा वन बीएचके. हॉल दहा बाय चौदाचा आणि त्यात दोन सायकली: माझी पुढे बास्केट असलेली, बिनदांडीची आणि नवऱ्याची रोड सायकल. गेल्या मे महिन्यात सायकली लटकवायला जमीन आणि छत यांच्यामध्ये ताणून बसवायचा खांब आणला. एक अख्खा पावसाळा, दिवाळीची साफसफाई आणि थंडीतल्या लांबच्या राईड एवढं त्याने झेललंय, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. कंपनीचं नाव देत नाही, कारण बाजारात मिळणाऱ्या या सगळ्या खांबांचा सांगाडा जवळपास सारखाच असतो.

पार्किंग का नाही, हे थोडक्यात. सायकल चोरीला जाते हा एक भाग झाला. पण रोजचा खरा ताप शेजारी लावलेल्या स्कूटरचा. स्कूटर मागे घेताना सायकलला जरा टेकते आणि मागच्या गिअरचा हँगर, म्हणजे गिअर फ्रेमला जोडणारा तुकडा, वाकतो. तो मुद्दाम मऊ धातूचा केलेला असतो, म्हणजे धक्का लागला तर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी. पण तो वाकला की गिअर कटकट करायला लागतात आणि आपण उगाच केबल पिळत बसतो. जिन्याच्या लँडिंगवर ठेवायची सोय नाही, आग लागली तर वाट मोकळी हवी. बाल्कनीत जुलैचा पाऊस आडवा येतो. राहिलं घर.

आता भिंतीचा हूक. स्वस्तात मस्त म्हणायचं तर तोच. काही शे रुपयांत काम होतं आणि फारच कमी जागा खातो. पण भाड्याच्या घरात ड्रिल म्हटलं की मालकांचा चेहरा बदलतो. आमचे घरमालक काका तसे समजूतदार आहेत. "खिळा ठोका हवा तर, पण फास्टनर नको," म्हणाले. काकांनी परवानगी दिली असती तरी मी दोनदा विचार केला असता, कारण नव्या इमारतींच्या आतल्या भिंती बऱ्याचदा सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या, सच्छिद्र ठोकळ्यांच्या असतात. भोक पाडताना पडणारी भुकटी बघायची. लाल आली तर वीट. करडी आली आणि ड्रिल अडून बसलं तर काँक्रीट. पांढुरकी भुकटी आली आणि ड्रिल लोण्यात सुरी जावी तसं आत गेलं तर सिपोरेक्स. त्यात नेहमीचा फुगणारा अँकर बोल्ट कसला की आतला भागच चुरतो, त्यासाठी लांब नायलॉनचे वेगळे प्लग लागतात. स्वतःचं घर आणि विटांची भिंत असेल तर पुढचं वाचू नका, हूक आणा.

खांब म्हणजे एकात एक जाणाऱ्या दोन नळ्या, वर-खाली रबरी टोपी आणि आत स्प्रिंग किंवा स्क्रू. सायकली लटकवायला त्यावर पुढे आलेले हात असतात, एका सायकलसाठी वर, दुसरीसाठी खाली. उंची जुळवायची, स्क्रू फिरवून ताण द्यायचा, झालं. आमचं छत साडेनऊ फुटांच्या आसपास आहे, खांब आरामात पोचला. हे बसतं फक्त पक्क्या स्लॅबखाली. पीओपीच्या खोट्या छताला हा खांब लावलात तर छतासकट खाली येईल. खालची टोपी दोन टाइल्सच्या सांध्यावर न ठेवता टाइलच्या मधोमध ठेवायची. रबर दबतं, म्हणून पहिल्या आठवड्यात ताण पुन्हा द्यावा लागला. त्यानंतर महिन्यातून एकदा मी खांब दोन्ही हातांनी हलवून बघते. दिवाळीच्या आसपास थोडा सैल वाटला, अर्धा फेरा दिला. बाकी काही नाही.

खरेदीच्या आधी आम्ही मोजपट्टी घेऊन भिंती मोजल्या होत्या. त्यापेक्षा दारापासून खांबापर्यंतची वाट मोजणं जास्त उपयोगाचं, हे वापरून कळतं. आमच्या लिफ्टमध्ये "६ माणसे, ४०८ किलो" अशी पाटी आहे. आतली लांबी-रुंदी एकेक मीटरच्या आगेमागे आणि सायकल पावणेदोन मीटर. ती मागच्या चाकावर उभी करायची, मागचा ब्रेक दाबून धरायचा आणि आपण कोपऱ्यात चिकटायचं. मग दरवाजा, चपलांचं कपाट, सोफ्याचा कोपरा. या वाटेत एक जरी अडचण असली तर चार दिवसांनी माणूस कंटाळून सायकल दारातच टेकवून ठेवतो आणि मग खांबावर टॉवेल वाळतात. (आमच्याही वरच्या सायकलवर पावसाळ्यात ओढण्या वाळल्या आहेत. पंख्याखाली छान वाळतात.) आम्ही शेवटी कपाट हलवलं आणि खांब दारापासून चार पावलांवर आणला. हॉलच्या शोभेचा विचार केला असता तर तो खिडकीपाशी गेला असता आणि आम्ही सायकल कमी चालवली असती.

माझी उंची पाच फूट दोन इंच. या स्टँडबद्दल लिहिणारे बहुतेक जण सहा फुटी दिसतात, त्यामुळे "वरच्या हातावर सहज चढते" हे वाक्य मी जरा सांभाळून घेते. रोड सायकल नऊ-दहा किलोची असते, ती खांद्यापर्यंत उचलणं मला जमतं. माझी सायकल मडगार्ड, कॅरिअर आणि बास्केटसकट सतरा किलोच्या घरात जाते, ती वर नेणं अशक्य. म्हणून जड सायकल खालच्या हातावर, चाकं जमिनीपासून वीतभर वर. रोज ती तेवढीच उचलायची. नवऱ्याची सायकल वर. तो शनिवार-रविवारीच काढतो, आणि स्वतः काढतो.

बिनदांडीच्या सायकलला वरची आडवी नळी नसते, त्यामुळे स्टँडच्या हातांना धरायला काही मिळत नाही. त्यासाठी सीटच्या खालचा पाइप आणि हँडलचा दांडा यांच्यामध्ये अडकवायची एक जोडनळी वेगळी मिळते. खोक्यात ती नव्हती, चौकशी करून मागवावी लागली. वरची नळी तिरकी असलेल्या हायब्रिड सायकलला ही जोडनळी लागत नाही, पण हात वर-खाली करता आले पाहिजेत, नाहीतर सायकल नाक खाली करून लटकते. विकत घेताना हे दोन प्रश्न दुकानदाराला विचाराच.

पंखा! याचा उल्लेख मला कुठेच सापडला नाही. आपल्याकडचा नेहमीचा पंखा अठ्ठेचाळीस इंची, म्हणजे मध्यापासून पात्याच्या टोकापर्यंत दोन फूट. वरच्या सायकलचं हँडल आणि सीट त्या वर्तुळाच्या बाहेर राहिलंच पाहिजे. नुसतं लटकवताना नाही, उचलून फिरवतानासुद्धा. आमच्याकडे नियम आहे: वरची सायकल काढायची तर पंखा बंद.

पावसाळ्यात या स्टँडची खरी परीक्षा झाली. ओली सायकल घरात आणली की पाणी टायरमधून कमी आणि मडगार्डच्या आतल्या बाजूने जास्त गळतं, तेही दहा मिनिटांनी, आपण चहा घेऊन बसलो की. वरच्या सायकलचं पाणी खालच्या सायकलच्या सीटवर. उपाय साधेच निघाले. सायकल दाराबाहेर दोन-तीनदा आपटायची, चाकं जुन्या पंच्याने पुसायची आणि खाली पत्र्याचा मोठा ट्रे. चेन कोरडी पुसून तेल लावायचं आणि वरचं जास्तीचं तेल पुन्हा पुसून टाकायचं. पावसाळी तेल दाट असतं, ते टपकतं आणि त्याचा डाग फरशीच्या सांध्यातून निघत नाही. वर्तमानपत्र अंथरून पाहिलं, त्याचा लगदा झाला.

फरशी पुसायला येणाऱ्या मावशींचं मत माझ्यापेक्षा महत्त्वाचं. आधी सायकली भिंतीला टेकलेल्या असायच्या, तेव्हा त्या मागचा केर काढायच्याच नाहीत, आणि मी त्यांना बोलूही शकत नव्हते. आता खालून फडकं फिरतं. "हे बरं केलंत ताई, पण ते काळं तेल बघा," हा शेरा मात्र कायम. भिंतीवरचे टायरचे काळे पट्टेही बंद झाले. साध्या डिस्टेंपरवरचे ते पट्टे ओल्या फडक्याने पुसले की डाग जातो आणि रंगही जातो. छतावर टोपीचा गोल वळ उमटलाय, तो घर सोडताना काकांना सांगावा लागेल.

न आवडलेलं: हातांवरचं रबर खांबाच्या बाजूने फाटायला लागलंय आणि सुटं मिळत नाही, मी जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलाय. खांब हॉलमध्ये पुढे येतो. हँडल साठ सेंटिमीटरचं असेल तर अर्ध्याहून जास्त बाहेरच, त्यामुळे पाहुण्यांची लहान मुलं आली की पायडल नेमकं त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर. ती घरात असेपर्यंत मी खालची सायकल उतरवूनच ठेवते. पाच-सहा हजार रुपये हूकच्या तुलनेत जास्त वाटतात, आणि आहेत.

ई-सायकल असेल तर हा स्टँड घेऊ नका. वजन बऱ्याचदा वीस किलोच्या पुढे जातं, आणि चार्जिंगला लावलेली बॅटरी घराच्या एकमेव दारापाशी नको. एकटीच सायकल असेल आणि ती छोटी चालत असेल तर घडीची बघा. ब्रॉम्प्टन कंपनीची सायकल घडी केल्यावर साधारण ६५ बाय ५९ बाय २७ सेंटिमीटर होते, टेबलाखाली सरकते. किंमत मात्र ऐकवत नाही. वीस इंची चाकांच्या साध्या घडीच्या सायकली स्वस्त आहेत, पण जड, आणि सिंहगडाच्या चढाला दम काढतात.

मे महिन्यात आमचा भाडेकरार संपतोय. वारज्यातलं एक घर पाहून आलो. हॉलला पीओपी, बेडरूमला नाही. बेडरूममध्ये खांब बसतो, पण तिथपर्यंत जायला स्वयंपाकघराला वळसा आहे आणि वळणावर फ्रिज. नवऱ्याला घर आवडलंय. मी त्याला रविवारी सायकल घेऊनच परत बघायला चल म्हटलंय.