रिकाम्या यादीने खाल्लेली टोकनं: एजंटच्या टूलचं वर्णन, सात महिन्यांच्या वापरानंतर

एमसीपी (एआय मॉडेलला बाहेरची टूल जोडण्याचा खुला प्रोटोकॉल), जेसन स्कीमा (टूलला काय माहिती द्यायची त्याचा साचा), नाव-वर्णन-पॅरामीटरची मांडणी हे सगळं वाचणाऱ्याला साधारण ठाऊक आहे असं धरतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने एमसीपी खुलं केलं तेव्हापासून टूल जोडणं पोरखेळ झालंय. वर्णन लिहिणं मात्र अजूनही तितकंच किचकट. इथला सेटअप साधा आहे: ग्राहकांशी बोलणारा एजंट, म्हणजे गरजेप्रमाणे स्वतः टूल वापरणारं मॉडेल, आणि त्याच्या हाताशी दुकानाच्या ऑर्डर आणि बिलांवर चालणारी चौदा टूल. हे लिहायला बसवलं ते मॉडेलच्या महिनाअखेरच्या बिलाने; ते लागतं टोकनांवर, म्हणजे मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं त्यांवर.

तक्रार एकाच गोष्टीची, आणि ती शेवटपर्यंत सोडणार नाही. शोधून काहीच सापडलं नाही तर टूल काय परत देतं, हे वर्णनात कुणी लिहीत नाही.

जुनं वर्णन होतं, “ग्राहकाच्या ऑर्डर शोधतं.” पॅरामीटर एकच, फोन. ग्राहक नंबर देतो +९१ लावून, डेटाबेसमध्ये तो दहा आकडी. उत्तर येतं दोन चौकटी कंस, मध्ये काही नाही. आता एजंटने काय समजायचं? कधी तो ऑर्डर नाहीच असं धरून ग्राहकाला बिनदिक्कत तसं कळवतो. कधी आपलंच चुकलं म्हणून +९१ काढून, पुढे शून्य लावून, मध्ये जागा सोडून, मग नावाने असा पाच-सहा वेळा तोच शोध घेतो. प्रत्येक फेरीला आधीचा सगळा संवाद आणि चौदाही वर्णनं पुन्हा मॉडेलकडे जातात. टूलमागे दीडशे टोकन धरले तर फेरीला २,१००, सहा फेऱ्यांचे १२,६००. हाती भोपळा.

दुरुस्त वर्णन असं: “फोन नंबरवरून गेल्या ९० दिवसांतल्या ऑर्डर देतं, नव्या आधी, जास्तीत जास्त २०. नंबर दहा आकडी; देशाचा कोड किंवा पुढचं शून्य नको. बिल नंबर हाताशी असेल तर हे न वापरता गेट_ऑर्डर वापर. रिकामी यादी म्हणजे ९० दिवसांत ऑर्डर नाही. नंबर फिरवून पुन्हा शोधू नकोस, बिल नंबर विचार.” अँथ्रॉपिकच्या मार्गदर्शनातही टूलमागे किमान तीन-चार वाक्यं लिहा असंच म्हटलंय. शेवटचं वाक्य लिहिताना जिवावर येतं, पण सगळ्यात जास्त पैसे तेच वाचवतं.

फोनचा प्रकार स्ट्रिंगच (मजकूर) ठेवा. आकडा ठेवलात तर पुढचं शून्य आणि अधिकचं चिन्ह दोन्ही गळतात. स्कीमातला पॅटर्न (नंबर कसा दिसावा तो नियम) सगळीकडे पाळला जातोच असं नाही, म्हणून सर्व्हरवरही तपासणी हवी. ऑर्डरची स्थिती वगैरे ठरावीक पर्याय असतील तर वर्णनात पाल्हाळ नको, सरळ एनम (चालणाऱ्या पर्यायांची यादी) द्या.

इथवरचं मत पहिल्या तीन महिन्यांचं. ते आता बदललंय. सूचना कोंबत गेलं की वर्णनांची पोथी होते आणि तिचं पारायण दर कॉलला होतं. एररचा मजकूर मात्र चूक झाली तरच जातो. म्हणून चुकीनंतर काय करायचं ते सगळं निकालात हलवलं. नुसतं ४०० (चुकीच्या विनंतीचा कोड) फेकण्याऐवजी “नंबर १२ आकडी आला, शेवटचे १० आकडे देऊन एकदाच पुन्हा पाठव.” एमसीपीत हे इज-एररची खूण लावून टूलच्या निकालातच द्यायचं, प्रोटोकॉलची एरर म्हणून दिलं तर मॉडेलच्या नजरेस पडेलच याचा भरवसा नाही. रिकाम्या यादीचंही तेच. आता निकालात येतं, “सापडल्या ०, तपासलेला काळ ९० दिवस, बिल नंबर विचार.” म्हणजे वर जिचं कौतुक केलं तीच ओळ वर्णनातून गेली. टूल कधी वापरायचं आणि कधी नाही, एवढं मात्र वर्णनातच हवं. तो निर्णय कॉलच्या आधी होतो.

कॅशिंग (आधी पाठवलेला मजकूर काही काळ साठवून ठेवणं) चालू असेल तर तोच मजकूर पुन्हा वाचण्याचा दर अँथ्रॉपिककडे मूळ दराच्या दहाव्या हिश्शावर येतो. पण टूलच्या व्याख्या सगळ्यात पुढे असतात, त्यामुळे वर्णनातला एक स्वल्पविराम हलला तरी मागचं सगळं कॅश मोडतं. बदल साठवून एकदम करा. आणि “आजची तारीख अमुक” हे वर्णनात घालू नका, दिवस बदलला की कॅश मोडेल. तारीख ग्राहकाच्या संदेशासोबत द्या.

तारखेवरून आठवलं, आपला “परवा” दोन्हीकडचा. “परवा मागवलेली” आणि “परवा पाठवा” यांत चार दिवसांचं अंतर आहे. पॅरामीटरच्या वर्णनात “वर्ष-महिना-दिवस, उदा. २०२५-०३-०९, परवा कुठला ते क्रियापदावरून ठरव, ठरत नसेल तर विचार” एवढं पुरतं. बाकी वर्णन इंग्रजीतच ठेवलंय. त्याच मजकुराला देवनागरीत बहुधा जास्त टोकन पडतात, म्हणून मराठी फक्त ग्राहकाच्या तोंडच्या शब्दांपुरती.

सर्च_ऑर्डर्स आणि लिस्ट_ऑर्डर्स ही सख्खी भावंडं एकत्र केली, एजंटचा गोंधळ तिथेच थांबला. ऑर्डर रद्द करण्याच्या टूलला डिस्ट्रक्टिव्ह-हिंट (हे टूल काही पुसू किंवा मोडू शकतं अशी खूण) लावलंय खरं, पण ती नुसती सूचना. माणसाची परवानगी वेगळी घ्यायलाच हवी.

राहता राहिले दुसऱ्यांचे तयार एमसीपी सर्व्हर, म्हणजे टूल पुरवणारे प्रोग्राम. त्यातल्या एका कुरिअर-ट्रॅकिंगच्या सर्व्हरचं वर्णन एका ओळीचं आणि चुकीच्या नंबरला उत्तर तेच, दोन चौकटी कंस. मेल पाठवली, उत्तर आलं “हे अपेक्षित वर्तन आहे”. शेवटी मध्ये तीसेक ओळींचं रॅपर टाकलं. ते फक्त कंस रिकामे आहेत का बघतं आणि त्यांच्या जागी एक वाक्य ठेवतं.