दहावीचा क्लास, जुळे सोलापूर: चार शिक्षक आणि एक लाल वही (५ पैकी ४ स्टार)

पार्किंग अजिबात नाही, हे आधीच सांगून टाकते म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको. आतल्या रस्त्यावर दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खाली पिठाची गिरणी, क्लास सुटायच्या वेळेला पन्नास स्कूट्या आणि मधे गिरणीवाल्याच्या डब्यांची रांग, मी स्वतः दोनदा गाडी पाडलीये तिथं. लिफ्ट नाही, एसी नाही, आणि व्हेकेशन बॅच एप्रिल-मे मधे असते म्हणजे सोलापूरचं ऊन काय ते तुम्हाला माहितीये, पोरं घरून दोन-दोन बाटल्या पाणी घेऊन जातात. बाहेर टॉपरच्या फोटोंचा फ्लेक्स पण नाही, त्यामुळं पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं चुकीच्या जिन्यानं आले.

तरी चार स्टार देतेय. का ते जरा लांबण लावून सांगते.

आमची पोरगी नववीला एका मोठ्या क्लासला होती, नाव घेत नाही, घेऊन काय उपयोग. तिथं नव्वद पोरांची बॅच, प्रत्येक विषयाला मोठं नाव असलेले सर, शिकवायचे खरंच भारी, म्हणजे पोरगी घरी येऊन नक्कल करून दाखवायची इतकं. पण गणितात मार्क पडेनात. गणिताच्या सरांना भेटले तर म्हणाले, "कॅल्क्युलेशन मिस्टेक आहेत ताई, प्रॅक्टिस वाढवा." सायन्सच्या मॅडम म्हणाल्या, "सूत्रं सगळी पाठ आहेत हो तिला, पण केअरलेस आहे." दर महिन्याला मोबाइलवर मार्क यायचे, २० पैकी ८, २० पैकी ७, आणि तो मेसेज आला की आमच्या घरात भांडण. वर्षभर मी तिला केअरलेस म्हणत राहिले, मोबाइल काढून घेतला, टीव्हीची वायर काढून कपाटात ठेवली. तिथल्या गणिताच्या सरांचा आणि सायन्सच्या मॅडमचा एकमेकांशी बोलायचा काही संबंधच नव्हता, एक तास संपवून खाली उतरायचे आणि दुसऱ्या जिना चढायच्या, तेवढीच काय ती भेट.

या क्लासला अॅडमिशनला गेले तर मॅडमनी (गणिताच्या आहेत, क्लास त्या आणि अजून तिघं मिळून चालवतात) रिझल्ट बघितलाच नाही. म्हणाल्या, नववीचे घटक चाचणीचे पेपर आणा, तपासलेले. मी म्हटलं मॅडम ते रद्दीत गेले. खरंच गेले होते, वर्ष संपलं की आपण काय सांभाळून ठेवतो का. माळ्यावर शोधून दोन सापडले. नंतर पालकसभेत त्यांनी कारण सांगितलं, की अमेरिकेत शिकागोला विद्यापीठाच्या लोकांनी तिथल्या सरकारी हायस्कूलचा अभ्यास केला होता, २००५ चा, त्यात निघालं की जी पोरं नववीच्या वर्षात रुळावर राहतात, म्हणजे विषय फारसे अडकत नाहीत, ती चार वर्षांत हायस्कूल पूर्ण करायची शक्यता मागं पडलेल्यांपेक्षा साडेतीन पटीनं जास्त असते. तिकडं हायस्कूल नववीलाच चालू होतं. आमच्या शेजारी बसलेले एक काका पुटपुटले, "शिकागोचं सोलापूरला काय करायचंय." मला पण तेव्हा तसंच वाटलेलं, खोटं कशाला बोलू.

ऑगस्टमधे त्यांची पहिली टेस्ट झाली शुक्रवारी. सोमवारी संध्याकाळी मला फोन, "ताई, येऊन जाता का दहा मिनिटं." मी म्हटलं झालं, आता परत केअरलेस ऐकायचं. गेले तर टेबलावर तिचे तीन पेपर शेजारी शेजारी उघडून ठेवलेले, बीजगणित, भूमिती आणि विज्ञान एक. प्रत्येकात एका जागी पेन्सिलनं गोल. विज्ञानात बहिर्गोल भिंगाचं गणित होतं, सूत्र बरोबर, किमती बरोबर टाकलेल्या, मायनसची चिन्हं पण बरोबर, आणि मग १/२० + १/३० बरोबर २/५०. वर वर बेरीज, खाली खाली बेरीज. उत्तर यायला पाहिजे १२ सेंटीमीटर, हिचं आलं २५. बीजगणितात समीकरणातले छेद काढायला सगळ्याला ६ ने गुणायचं तर हिनं एकाच पदाला गुणलेलं. भूमितीत समरूप त्रिकोणांची गुणोत्तरं मांडली झकास, सोडवताना तिथंच गाडी अडकली.

मॅडम म्हणाल्या, "पोरगी केअरलेस नाही. तिला अपूर्णांक येत नाही. पाचवी-सहावीत कुठंतरी सुटलंय, आणि तेव्हापासून ती ते लपवत आलीये."

मी काय बोलणार. तीन विषयांत तीन वेगळे आजार म्हणून वर्षभर औषध चाललं होतं आणि दुखणं एकच होतं. आणि गंमत म्हणजे एकट्या मॅडमना पण ते दिसलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं. शनिवारी दुपारी क्लास सुटल्यावर हे चौघं एका खोलीत बसतात, त्या टेस्टमधे जी पोरं खाली गेली त्यांचे पेपर मधे टाकतात, तिथं विज्ञानाचे सर म्हणाले भिंगाच्या गणितात हिनं असं केलंय आणि मॅडम म्हणाल्या थांबा थांबा, माझ्याकडं पण असंच काहीतरी आहे. बास, एवढंच. यात कॉम्प्युटर नाही, अॅप नाही. एक लाल कापडी बांधणीची लांब वही आहे, प्रत्येक पोराला एक पान, आणि चौघं त्याच पानावर लिहितात. आमचा टॉवेल-चादरींचा होलसेल धंदा आहे, खतावणी मी बघते, त्यामुळं ती वही बघून मला हसूच आलं, कारण धंद्यात आम्ही पण तेच करतो की, कोणाची उधारी थकायला लागली ते त्याच आठवड्यात बघतो, दिवाळीपर्यंत थांबलं तर पैसे गेलेच म्हणून समजायचं.

मग शून्य तास. रोज क्लासच्या आधी पंचवीस मिनिटं, सातच पोरं, सगळी अपूर्णांकवाली. मी पहिल्या दिवशी मुद्दाम जिन्यात थांबून ऐकलं. मॅडमनी पोरीला घरून टॉवेल आणायला सांगितलं होतं (आमच्याकडं टॉवेलला काय तोटा). तो आडवा दोन घड्या, उभा तीन घड्या घालून उघडला, सहा चौकोन पडले. अर्धा म्हणजे किती चौकोन, तीन. तिसरा भाग म्हणजे किती, दोन. दोन्ही मिळून सहातले पाच. मग फळ्यावर तिच्या पद्धतीनं केलं, १/२ + १/३ बरोबर २/५, आणि विचारलं, "अर्ध्यात अजून थोडं घातलं आणि उत्तर अर्ध्यापेक्षा कमी आलं, कसं काय गं?" बराच वेळ कोणी बोललं नाही, मग मागून एक पोरगा म्हणाला, "बे, हे तर उलटंच झालं," आणि सगळे हसले. माझी पोरगी पण हसली. गणिताच्या तासाला तिला हसताना मी किती वर्षांनी ऐकलं देव जाणे.

रोज शेवटी पाच गणितांची चिठ्ठी, सोडवून देऊनच वर्गात जायचं. सलग तीन दिवस पाचही बरोबर आली की त्या गटातून सुट्टी. आमची पोरगी पाच आठवडे होती, दोन पोरं आठवड्यातच सुटली, एकाला दिवाळीपर्यंत लागलं. आणि त्या पाच आठवड्यांत विज्ञानाच्या सरांनी पण मुद्दाम अपूर्णांक येतील अशीच गणितं वर्गात घेतली, म्हणजे इकडं शिकलेलं तिकडं लगेच वापरात, मला वाटतं खरा फरक त्यानंच पडला.

मधे एक लफडं झालं. बाकीची पोरं यांना "शून्यवाले" म्हणायला लागली, पोरगी एक दिवस रडत आली, म्हणाली मम्मी मी नाही जाणार. मी तणतणत फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या सोमवारपासून हुशार पोरांना पण शून्य तासाला बोलवायला लागले, ज्याचं जे कच्चं असेल त्याला, कोणाचं मराठीतलं पत्रलेखन, कोणाचं भूगोलातलं आलेख वाचन. दोन आठवड्यांत ते चिडवणं बंद झालं. हे पण शनिवारच्या बैठकीतच ठरलं म्हणे.

पालकसभेत त्यांनी अजून एक सांगितलेलं मला लक्षात राहिलं. अमेरिकेतच इलिनॉय राज्यात अॅडलाय स्टीव्हन्सन नावाचं हायस्कूल आहे, तिथं रिचर्ड ड्यूफोर म्हणून मुख्याध्यापक होते, त्यांनी शिक्षकांना असं गटानं बसायची पद्धत लावली आणि गटापुढं चार प्रश्न ठेवले. पोरांनी नेमकं काय शिकायला पाहिजे, शिकलं हे आपल्याला कसं कळणार, नाही शिकलं तर आपण काय करणार, आणि ज्याला आधीच येतंय त्याचं काय. मॅडम म्हणाल्या आपल्याकडं पहिल्या दोनवर सगळे बोलतात आणि तिसरा प्रश्न पालकांवर ढकलतात. माझ्या जाऊबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत, त्यांना सांगितलं तर म्हणाल्या आमची पण दर महिन्याला केंद्राची (म्हणजे आसपासच्या शाळांची मिळून) शिक्षण परिषद असतेच की, पण अर्धा वेळ माहिती भरण्यात आणि परिपत्रकं वाचण्यात जातो, पोरांचे पेपर मधे टाकून कोणी बसत नाही. तसं रणजितसिंह डिसले गुरुजी आपल्याच जिल्ह्यातले, २०२० ला ग्लोबल टीचर प्राइज मिळालं आणि अर्धी रक्कम त्यांनी बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली, तेव्हा सगळ्या सोलापूरनं स्टेटस ठेवलं होतं. मला आता ते आठवलं की वाटतं, एक गुरुजी कितीही मोठे असले तरी शेजारच्या वर्गातले सर त्यांच्याशी बोलतात का, हे आपण पालक कधी विचारतच नाही.

आता तक्रारी, कारण पाचवा स्टार उगाच नाही कापला.

ते चार प्रश्न आहेत ना, त्यातल्या चौथ्यात हे स्वतःच नापास आहेत. आमच्या शेजारचा पोरगा मुळातच नव्वदच्या वरचा, त्याला वर्षभर नवीन असं फारसं काही मिळालं नाही, शून्य तासाला बोलवायचे पण जे द्यायचे ते त्याला दहा मिनिटांचं काम. त्याची आई नाराज आहे आणि तिचं बरोबर आहे. दुसरं, नोव्हेंबरमधे इंग्लिशचे सर सोडून गेले, नवीन आलेल्या मॅडमना ती वही, ती शनिवारची बैठक हे सगळं नवीन, महिनाभर वहीत इंग्लिशचा रकाना कोरा होता, मी स्वतः बघितलाय. म्हणजे सगळं माणसांवर आहे, एक माणूस गेला की साखळी तुटली. तिसरं, शाळेचा आणि यांचा काही मेळ नाही. शाळेत एक धडा चालू, इथं दुसरा, आणि दोन्हीकडं टेस्ट एकाच आठवड्यात, पोरीचे हाल. शाळेतल्या बाईंना मी हे अपूर्णांकाचं सांगायला गेले तर त्यांनी ऐकून घेतलं, पण एका वर्गात पासष्ट पोरं, त्या तरी काय करणार. आणि फोन फार करतात. चांगल्यासाठी करतात, कळतं, पण रात्री साडेनऊला क्लासचा नंबर दिसला की अजून पोटात गोळा येतो.

गड्ड्याच्या यात्रेत (सोलापूरच्या सिद्धेश्वरांची, जानेवारीतली) मात्र शहाणपणा केला, अक्षता सोहळ्याच्या दिवशी टेस्ट ठेवली नाही. आधीच्या क्लासनं ठेवली होती, निम्मी पोरं गायब आणि मग घरोघरी शिव्या.

रिझल्टचं विचाराल तर सांगते. २०२५ ची बोर्डाची परीक्षा २१ फेब्रुवारीला चालू झाली, १३ मेला निकाल. राज्याचा निकाल ९४.१० टक्के, म्हणजे पास होण्याचं कौतुक आता कोणाला राहिलं नाही. पोरीला ऑगस्टच्या टेस्टला बीजगणितात २० पैकी ६ होते, डिसेंबरच्या सराव परीक्षेत ४० पैकी २६, आणि बोर्डात दोन्ही पेपर आणि अंतर्गत गुण मिळून गणितात १०० पैकी ७७. विज्ञानात ८१. टॉपर नाही झाली, फ्लेक्सवर फोटो लागण्यासारखं काही नाही. पण यांनी नववीच्या क्लाससारखं करून डिसेंबरपर्यंत वाट बघितली असती तर सराव परीक्षेनंतर हातात राहतात दोन महिने, त्यात अपूर्णांक शिकवणार का पेपर सोडवून घेणार? दोनपैकी एकच होतं.

फी २४ हजार, तीन हप्ते, दुसरा हप्ता दिवाळीत येतो ते जरा जड जातं, पण सांगितलं तर थांबतात. पावती मागून घ्यावी लागते. संडास खालच्या मजल्यावर आहे आणि त्याची कडी नीट लागत नाही, हे मी दोनदा सांगितलंय, ते काही लाल वहीत लिहिलेलं दिसत नाही.

जाणार असाल तर मार्चमधेच विचारून ठेवा, बॅच चाळीसचीच घेतात. संध्याकाळी सातच्या पुढं गेलात तर गाडी लावायला जागा मिळेल, गिरणी तेव्हा बंद झालेली असते. आणि पोराचे नववीचे पेपर रद्दीत घालू नका. आमचा धाकटा यंदा नववीत आहे, त्याची पहिली घटक चाचणी झाली परवा, पेपर अजून मिळाले नाहीत, मिळाले की माळ्यावर नाही, माझ्या खतावणीच्या कपाटात.