‘रिप्लाय’ की ‘रिप्लाय ऑल’?

गंगापूर रोडवरची सोसायटी असो, अंबडचा कारखाना असो की निफाडच्या द्राक्ष बागायतदारांचा गट, सगळ्यांना एकच मेल जातो आणि उत्तर देताना ही दोन बटणं समोर येतात.

‘रिप्लाय’ दाबलं की उत्तर सहसा फक्त पाठवणाऱ्याला जातं. ‘येतो’, ‘मिळालं’, ‘अभिनंदन’ यांची जागा तीच. थकलेल्या मेंटेनन्सची विचारणा आणि शेजाऱ्याबद्दलची तक्रार तर तिथेच हवी. कुणाची थकबाकी सगळ्या इमारतीने वाचणं हा त्या माणसाचा अपमान आहे, आणि गेलेला मेल परत येत नाही. जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घेणाऱ्या ‘अनडू’लाही जास्तीत जास्त 30 सेकंद मिळतात.

‘रिप्लाय ऑल’ वाईट नाही. सभेची वेळ बदलली किंवा फवारणीच्या औषधाचं प्रमाण चुकीचं लिहिलं गेलं, तर दुरुस्ती सगळ्यांनाच कळायला हवी. तिथे एकट्याला कळवणं नुकसानीचं ठरेल. पण ‘मला यादीतून काढा’ हे कृपा करून सगळ्यांना लिहू नका. 1997 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ‘बेडलॅम डीएल 3’ या यादीवर नेमकं तेच झालं. अनेक कर्मचाऱ्यांनी ‘मलाही काढा’ असं सगळ्यांना लिहिलं, मग ‘सगळ्यांना लिहू नका’ हेही सगळ्यांनाच गेलं आणि कंपनीची मेल यंत्रणा कोलमडली.

शंका असेल तर मी साधं ‘रिप्लाय’च सुचवेन. फक्त काही गटांची सेटिंग अशी असते की तेही सगळ्यांना जातं, म्हणून पाठवण्याआधी ‘टू’मधला पत्ता वाचा.