सॅशा, रिचर्ड आणि आमचा रविवारचा मराठी वर्ग

पुस्तक: 'द 57 बस', लेखिका डॅश्का स्लेटर, 2017

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला दर रविवारी मी मराठी शिकवते. माझा वर्ग मोठ्या मुलांचा, चौदा ते सतरा वर्षांच्या. एरवी आम्ही मराठी कथा घेतो, पण यंदा सहा रविवार हे इंग्रजी पुस्तक घेतलं. वाचायचं घरी, बोलायचं मराठीतच. वर्गाला यापेक्षा चांगलं पुस्तक मी आजवर दिलेलं नाही.

घटना खरी आहे आणि आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर घडलेली. 4 नोव्हेंबर 2013, ओकलंडची 57 नंबरची बस. शाळेतून घरी जाताना अठरा वर्षांच्या सॅशाला मागच्या सीटवर झोप लागली होती. अंगात पांढरा झिरझिरीत स्कर्ट. सोळा वर्षांच्या रिचर्ड नावाच्या कृष्णवर्णीय मुलाने मित्रांच्या टवाळकीत त्या स्कर्टला लायटर लावला. सॅशाचे दोन्ही पाय भाजले, तीन आठवडे इस्पितळात काढावे लागले.

पहिल्याच रविवारी गाडी अडली ती मराठीवर. स्वतःला मुलगा म्हणणं सॅशाला नको, मुलगी म्हणणंही नको. इंग्रजीत लेखिका 'दे' (they) हे सर्वनाम वापरते आणि पुढे जाते. आपण काय म्हणायचं? झोपला होता, झोपली होती, झोपलं होतं? एका मुलीने 'झोपले होते' सुचवलं, पण तो आदरार्थी पुरुषच वाटतो. नपुंसकलिंग मीच बाजूला ठेवलं, कारण तो शब्द आपल्याकडे माणसाला हिणवायला वापरतात. अर्धा तास फळ्यावर वाक्यं लिहीत होतो. मग एका मुलाच्या लक्षात आलं, 'काकू, सॅशाला झोप लागली, सॅशाने स्कर्ट घातला, असं म्हटलं तर?' क्रियापद झोपेशी जुळतं, स्कर्टशी जुळतं, माणसाचं लिंग विचारतच नाही. भविष्यकाळात तर प्रश्नच नाही: येईल, जाईल, बोलेल. सहा आठवडे मुलं अशी जपून बोलली. इतकी वर्षं विभक्तिप्रत्यय शिकवतेय, पण 'ने' आणि 'ला' यांच्यावर मुलांचा एवढा जीव जडलेला पहिल्यांदा पाहिला.

पुस्तकाचं खरं बळ पुढे आहे. प्रकरणं दोन-तीन पानांची, मध्येच पत्रं, मध्येच कवितेसारख्या ओळी. वाचायचा कंटाळा असलेली मुलंही पुढे गेली. सॅशाशी ओळख होऊन जीव जडतो, आणि मग लेखिका रिचर्डच्या घरात घेऊन जाते. आई कामावर, गोळीबारात गेलेली जवळची माणसं, आणि शाळेत हजेरीच्या मागे लागून मुलांना सांभाळणाऱ्या एक बाई. अटकेनंतर पोलिसांनी त्याला प्रश्न विचारले तेव्हा शेजारी ना आई, ना वकील. तिथे तो जे बोलला त्यावर द्वेषगुन्ह्याचा, म्हणजे कोणाच्या ओळखीच्या द्वेषातून केलेल्या गुन्ह्याचा, आरोप उभा राहिला. खटला प्रौढ म्हणून, आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकत होती.

कॅलिफोर्नियात तेव्हा सरकारी वकील न्यायाधीशाला न विचारता अल्पवयीन मुलाला थेट प्रौढ न्यायालयात नेऊ शकत. 2000 सालच्या सार्वमताने तो अधिकार दिला होता, 2016 च्या सार्वमताने काढून घेतला. हा अधिकार कोणत्या वर्णाच्या मुलांवर जास्त चालला, ते पुस्तकात आकड्यांनी दाखवलंय. ती पानं मला फार घाईची वाटली. मुलं तिथे थांबायला तयार होती, लेखिका थांबली नाही. आणि सॅशाचं मन आपल्याला जितकं आतून दिसतं तितकं रिचर्डचं दिसत नाही. 'त्याला कोणी विचारलंच नाही का?' असं वर्गातल्या सर्वांत अबोल मुलीने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सर्वांत जास्त बोलणं झालं ते एका गोष्टीवर. ट्रान्सजेंडर आणि समलैंगिक व्यक्तींच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थांनीच सरकारी वकिलांना लिहिलं, की या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवू नका. रिचर्डने अटकेनंतर लगेच लिहिलेली माफीची पत्रं सॅशाच्या घरी पोचायला मात्र वर्षाच्या वर गेलं, कारण त्यात गुन्ह्याची कबुली होती आणि वकिलाने ती अडवून ठेवली. ते वाचून एक मुलगा रडला. अखेर तडजोडीत सात वर्षांची शिक्षा झाली, पुढे ती पाचवर आली.

मग पुणे निघालंच. मे 2024 मध्ये पोर्श गाडीखाली दोघं गेली, आणि सतरा वर्षांच्या मुलाला पहिल्याच दिवशी जामीन मिळाला, अटींमध्ये 300 शब्दांचा निबंध. पुढे त्याला निरीक्षणगृहात पाठवलं आणि जूनमध्ये उच्च न्यायालयाने सोडलं, पण माझ्या मुलांना दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवावीशी वाटली. ओकलंडला वर्ण, पुण्याला पैसा. मी बोलू दिलं.

एका वडिलांचा फोन आला होता, मराठीच्या वर्गात हे कशाला म्हणून. मी त्यांना पुस्तक दिलं. पुढच्या रविवारी ते वर्गात मागे येऊन बसले, काही बोलले नाहीत, पण तासभर बसले.

शिक्षकांना एवढंच सांगेन: तेराच्या खालच्या मुलांना देऊ नका, भाजल्यानंतरच्या उपचारांची वर्णनं जड आहेत. पालकांना दोन आठवडे आधी वाचायला द्या. लिंगओळखीच्या शब्दांचं प्रकरण वर्गात मोठ्याने वाचा, घरी सोपवू नका. माझ्याकडे चार प्रती आहेत, जानेवारीच्या नव्या वर्गासाठी अजून सहा मागवल्यात.