डिमेन्शिया निवास, अंत्रुज : दिवस चोख, रात्र लंगडी

गोव्यात अंत्रुजातल्या, म्हणजे फोंडा भागातल्या, एका जुन्या कौलारू घरात डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) माणसांचं हे केंद्र चालतं. निवासी 22. दिवसा 7 मदतनीस आणि एक नर्स. रात्री 2 मदतनीस, नर्स फोनवर. अंगण, तुळशीवृंदावन, झोपाळा सगळं छान आहे, फोटोत दिसतं तसंच. त्यावर जास्त लिहीत नाही.

आंघोळीची पद्धत मात्र बघून यावी अशी. न्हाणीघरात शॉवर आहे, पण तो वापरत नाहीत. डोक्यावर एकदम पाणी कोसळलं की डिमेन्शियाचा माणूस घाबरून हात उगारतो आणि वहीत ‘आंघोळीला विरोध’ अशी नोंद पडते. इथे स्टूल, बादली आणि तांब्या. पहिलं पाणी पावलांवर, मग गुडघ्यांवर, मग खांद्यावर. अंगावर पंचा तसाच. केस वेगळ्या दिवशी धुतात. एका माणसाला 25 मिनिटं लागतात, आणि ती दिली जातात.

संध्याकाळही नीट सांभाळतात. ‘घरी जायचंय’चा धोशा चारनंतर सुरू होतो. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पों-पों वाजला की चहा-पाव, आणि अंधार पडायच्या आधीच सगळे दिवे, म्हणजे कोपऱ्यातल्या सावल्या माणसांसारख्या दिसत नाहीत. अस्वस्थ माणसाला क्वेटियापिन (शांत करणारी मनोविकारावरची गोळी) देण्याआधी वहीत चार रकाने भरावे लागतात: लघवी, पोट साफ, दुखणं, भूक. या वयात आणि या आजारात अशा गोळ्यांनी पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो, त्यामुळे हे चार रकाने आम्हाला बागेपेक्षा मोलाचे वाटतात. एक-दोन दिवसांत अचानक वाढलेला गोंधळ आजार बळावल्याचा धरत नाहीत, आधी लघवी तपासायला पाठवतात. हेही बरोबर.

जेवणात अर्धे गुण. भात हिरव्या ताटात वाढतात. पांढऱ्या ताटात पांढरा भात दिसत नाही आणि माणूस उपाशी उठतो. बांगड्याचे काटे स्वयंपाकघरातच काढले जातात. पण सकाळची उकड्या तांदळाची पेज सगळ्यांना सारखीच, वर पाणी, खाली शितं. गिळायला त्रास असलेल्याला हीच सगळ्यात अवघड: शीत चावेपर्यंत पाणी घशात उतरतं, ठसका लागतो आणि छातीत संसर्ग होतो. अशा माणसांची पेज घोटून एकजीव दाट करायला हवी, सरळ बसवून भरवायला हवी आणि नंतर निदान अर्धा तास आडवं करू नये. शेवटचं तेवढं इथे पाळतात. वजन दर महिन्याला घेतात, पण मागच्या आकड्याशी ताडून कोणी बघत नाही. 50 किलोच्या माणसाचं महिन्यात अडीच किलो उतरलं तर डॉक्टरांना कळवायलाच हवं.

संडासाच्या दारात काळं पायपुसणं आहे. या आजारात ते खड्ड्यासारखं दिसतं. माणूस तिथेच अडतो आणि कपडे खराब होतात. फरशीच्या रंगाचं पायपुसणं आणलं की काम झालं.

आता रात्र. अंथरुणाला खिळलेले 6 जण आहेत. पडून पडून अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, टाचा उशीवर अधांतरी ठेवायच्या, माकडहाडापाशी लाली आहे का बघायचं. दोघांनी मिळून, डायपर बदलण्यासकट, एकाला 10 मिनिटं धरली तर दोन तासांतला एक तास दोघेही अडकलेले. तेवढा वेळ उरलेल्या 16 जणांकडे बघायला कोणी नाही, आणि त्यांतले निम्मे रात्री उठून फिरणारे. म्हणून मग वळवण्याच्या तक्त्यावर पहाटेपर्यंतच्या सह्या रात्री अकरालाच झालेल्या दिसतात. हवेची गादी आहे, पण तिचा पंप इन्व्हर्टरवर नाही. पावसाळ्यात वीज गेली की गादी बसते आणि पाठ पलंगाच्या फळीला टेकते.

दुसरी अडचण भाषेची. रात्रीचे मदतनीस हिंदी बोलणारे, कष्टाळू आणि प्रेमळ आहेत. पण एखाद्या आजी कोकणीत ‘भायर वतां’ (बाहेर जाते) म्हणाल्या की त्यांना वाटतं, या पळून जातायत. आजींना संडासला जायचं असतं. त्यांना पुन्हा झोपवतात, चादर ओली होते, वहीत ‘रात्री अस्वस्थ’ आणि सकाळी नर्सपुढे गोळीचा प्रश्न. दिवसाचे ते चार रकाने रात्री कोणी भरत नाही. ‘भायर’, ‘परसाकडे’, ‘उदक’, ‘दुखता’ असे वीस शब्द देवनागरीत लिहून भिंतीला लावायला एक दुपार पुरे.

पैशांचं आधी लेखी घ्या: डायपर, औषधं, फिजिओथेरपी फीमध्ये धरलेली नाहीत. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात दाखल करायची वेळ आली तर 108 बोलावतात, पण सोबतीला माणूस देत नाहीत. तो घरच्यांनीच उभा करायचा.

चालतं-फिरतं माणूस असेल तर इथे ठेवायला हरकत नाही. अंथरुणावरचं असेल तर रात्रीचा तिसरा मदतनीस येईपर्यंत नको. आणि बघायला जायचं तर भेटीच्या वेळेत जाऊ नका, रात्री साडेनऊला जाऊ देतात का विचारा.