जुनी रायफल: पूर्ण नवी करून घ्यायची, की आहे तशी सावरायची?

लाकडी दस्ता उतरवून पाहिल्याशिवाय याचं उत्तर ठरवू नये. वरून निळीशार दिसणारी नळी लाकडाच्या कडेखाली, जिथे ओल आणि घाम साचतो, तिथे खड्ड्यांनी भरलेली निघते. उलट वरून तपकिरी, मळकट दिसणारी एखादी आतून अगदी शाबूत असते. गंज पुसून त्यावरून नख फिरवा. नख अडकलं, तर तो खड्डा घालवायला आजूबाजूचं सगळं लोखंड त्याच्या तळापर्यंत उतरवावं लागेल. किती खर्च येईल आणि रायफलचं काय होईल, दोन्ही इथेच ठरतं.

सावरणं म्हणजे पूर्ण खोलून साफ करणं, तांबडा गंज थांबवणं, थकलेल्या स्प्रिंगा आणि खराब स्क्रू बदलणं, रंगरूप मात्र तसंच ठेवणं. पूर्ण नवी करणं म्हणजे जुना थर काढून, धातू घासून, नव्याने ब्लूइंग करणं, म्हणजे पोलादावर गंज रोखणारा निळा-काळा थर चढवणं, आणि दस्त्यालाही नवं तेल देणं.

दोन्ही वाटांवर पहिलं काम एकच, आणि ते दिसण्याचं नाही. हेडस्पेस गेजने मोजून घ्या; म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या बोल्टच्या तोंडापासून, काडतूस बसतं त्या चेंबरमध्ये ते जिथे अडतं तिथपर्यंतचं अंतर. उदाहरणार्थ .308 विंचेस्टर काडतुसाच्या रायफलीत ‘गो’ गेज 1.630 इंचाचं आणि ‘नो-गो’ 1.634 इंचाचं असतं. बोल्ट पहिल्यावर बंद व्हायला हवा, दुसऱ्यावर नको. फरक जेमतेम 0.1 मिलिमीटरचा, म्हणून फायरिंग पिन, एक्स्ट्रॅक्टर आणि इजेक्टर हे लहान भाग काढून, बोटाच्या हलक्या दाबानेच बोल्ट बंद करून पाहतात. मग नळीचं तोंड. सफाईच्या सळईने तिथली कड एका बाजूला झिजलेली असते आणि नेम बिघडतो. तोंड नव्याने कातून घेणं हे लहान काम आहे, नळी बदलणं नव्हे. घशाशी, म्हणजे चेंबरच्या लगेच पुढे, नळीच्या आतले पिळदार आटे खाल्ले गेले असतील तर मात्र बाहेरून कितीही चकाकी आणा, उपयोग नाही.

आता धातूवरचा मुलामा, म्हणजेच ब्लूइंग. इथेच सर्वाधिक फसगत होते.

हॉट ब्लू म्हणजे कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या सुमारे 140 अंश सेल्सियसच्या द्रावणात भाग साधारण अर्धा तास बुडवणं. काम लवकर होतं, रंग गडद आणि एकसारखा येतो. पण शिशाच्या नरम डागाने जोडलेल्या दुनळीला हे द्रावण चालत नाही, डाग सुटतो. ॲल्युमिनियमचे भाग तर ते खाऊनच टाकतं. सांध्यात राहिलेला क्षार पुढे पांढरा होऊन बाहेर येतो. काही मिश्रधातूंचे रिसीव्हर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो ते मधले भाग, काळे न होता जांभळट होतात. तो दोष पोलादाचा, प्रत्येक वेळी कारागिराचा नव्हे.

रस्ट ब्लूमध्ये मुद्दाम बारीक गंज चढवतात, डिस्टिल्ड पाण्यात उकळून तांबडा गंज काळा करतात, मऊ तारेच्या ब्रशने सैल भुकटी झाडतात, आणि हेच सहा ते दहा वेळा करतात. वेळ आणि मजुरी दोन्ही जास्त. रंग मंद साटिनचा येतो, चकाकणारा नाही, पण टिकतो चांगला. दुनळीसाठी हाच मार्ग.

बाटलीतला कोल्ड ब्लू यांच्या रांगेत बसतच नाही. तो सेलेनियम आणि तांब्याच्या संयुगांचा पातळ थर आहे. ओरखडा झाकायला ठीक. अख्ख्या नळीवर लावला तर ठिपकेदार दिसतो आणि हाताळून निघून जातो.

मात्र मुलाम्याहून महत्त्वाची त्याआधीची घासाई. ब्लूइंगचा थर काहीही लपवत नाही. घाईचा कारागीर बफिंग चाकावर काम उरकतो: कडा गोल होतात, स्क्रूच्या भोकांभोवती खळगे पडतात, छाप आणि अक्षरं पुसट होतात. चांगला कारागीर घासकागदामागे कडक ठोकळा धरून 220, 320, 400 नंबरच्या, म्हणजे अधिकाधिक बारीक कागदाने हाताने घासतो. त्याने आधी केलेलं काम पाहायला मागा आणि सपाट बाजूवर खिडकीचं प्रतिबिंब पाहा. ते लाटांसारखं वाकडं दिसलं, तर आपली रायफल तिथे देऊ नका. रायफलीवर कोरलेल्या क्रमांकाला तर कुणीच हात लावू नये. तो पुसट करणं बहुतेक ठिकाणी गुन्हा आहे.

किमतीचा हिशेब सरळ आहे. 1964 पूर्वीच्या विंचेस्टर मॉडेल 70 सारख्या, संग्राहक शोधत असलेल्या रायफलीवर मूळ मुलामा निम्माही उरला असेल, तर नवा मुलामा तिची किंमत घटवतो. लष्करी रायफलीवर मुळात फॉस्फेटचा राखाडी थर असेल आणि तिला चकचकीत निळी केली, तर पैसे देऊन चूक विकत घेतल्यासारखं होतं. उलट आधीच कुणी बफ करून टाकलेली, भोकं पाडलेली साधी शिकारी रायफल बिनधास्त नवी करून घ्या; तिथे गमावण्यासारखं काही उरलेलं नाही.

मधला मार्ग फार जणांना सुचत नाही. वरवरचा ताजा गंज असेल, तर तेल पूर्ण काढून भाग अर्धा तास डिस्टिल्ड पाण्यात उकळून झाडला, की तो काळा होऊन थांबतो. लोखंड उतरत नाही, मूळ अक्षरं शाबूत राहतात. आमच्या मते शंका असेल तेव्हा आधी हेच करावं. पूर्ण घासाई नंतरही करता येते, उलट जाता येत नाही.

दस्त्याचंही असंच. दाबून पडलेली खोच ओल्या कापडावर तापली इस्त्री टेकवून वाफेने वर येते, त्यासाठी लाकूड तासायची गरज नाही. जास्त तासलं तर लाकूड धातूच्या कडेपेक्षा खाली जातं, आणि ही खूण जाणकाराला लगेच दिसते. रिसीव्हरच्या शेपटीमागे बारीक चीर असेल तर मात्र ती आधी एपॉक्सीने भरून, बेडिंग करून घ्या, म्हणजे रिसीव्हर लाकडात घट्ट आणि एकसारखा बसवून घ्या. नुसतं तेल चोळून ती तशीच सोडली, तर प्रत्येक धक्क्याला लांबत जाते.