कौलांखाली फोम मारून घ्यायच्या आधी हे वाचा

आमचं घर कोल्हापुरात शुक्रवार पेठेत, मंगलोरी कौलांचं. वर पोटमाळा, बाजूच्या तिकोनी भिंतीत दोन झरोके. २०१९ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी घरात कमरेएवढं होतं, २०२१ ला पुन्हा आलं. तेव्हापासून खालच्या भिंतींना लोणा आहे, म्हणजे ओलीबरोबर क्षार वर येतात. पोपडे पडतात, आम्ही खरवडून रंग देतो, पुन्हा पडतात.

गेल्या एप्रिलमध्ये ओळखीतून एक कंत्राटदार आला. हातात दोन टोकदार पिनांचा मीटर. पुराच्या पट्ट्यावर टेकवला की लाल दिवा आणि टूं टूं. "काकी, घर आतनं भिजलंय बघा. कौलांखाली फोम मारून घ्या, फवारला की फुगून घट्ट बसतो. उन्हाळ्यात गार, पावसाळ्यात कोरडं, दरवर्षी शाकारायची कटकट संपली." आई त्या शाकारण्याला कंटाळलेलीच, ती तिथंच विरघळली. खरं सांगायचं तर मीही. रोग भिंतीत दाखवतोय आणि औषध छपराला लावतोय, एवढं साधं विचारायचं सुचलं नाही. तो मीटर ओल थेट मोजत नाही, पिनांमधून वीज किती वाहते ते बघतो. भिंतीतल्या क्षारांमुळंही आकडा चढतो, हे नंतर इंजिनिअर मेव्हण्यानं सांगितलं. नंतर म्हणजे पैसे गेल्यावर.

चौरस फुटाला १३० रुपये, ८०० फूट, म्हणजे १,०४,०००. "बिल केलं तर १८ टक्के जीएसटी वर पडंल, दादा." दिले रोख. हातात आला एक कागद, '१० वर्षे वॉरंटी', खाली न वाचता येणारी सही. दोन दिवसांत काम उरकलं. जाताना झरोकेही बुजवून गेला. गारवा बाहेर जातो म्हणे!

बेंदराला देवळीत मातीचे बैल मांडताना आई म्हणाली, वास कसला येतोय? माळ्यावर गेलो तर ज्वारीच्या पोत्यांवर बुरशी, आणि फोम थोडा कापून बघितला तर आतल्या रिपा काळ्या, चिंब. कौलं थोडी पाझरतातच. आधी फटींतून वारा फिरायचा, वासे-रिपा वाळायच्या. आता पाणी फोमच्या आत अडकलं आणि उतारानं घरंगळत भिंतीच्या माथ्यावर उतरलं. कुठलं कौल फुटलंय तेही दिसेना. स्वयंपाकाची वाफ वर कोंडली ती वेगळीच.

फोन केला की "साइटवर आहे". गणपतीनंतर नंबरच बंद. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोललो, तर पहिला प्रश्न बिलाचा. तिथं माझी बोलती बंद.

तुमच्याकडं असा मीटरवाला आला तर भिंतीवर हातभर प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून दोन दिवस ठेवा. थेंब भिंतीच्या बाजूला आले तर ओल भिंतीतली, खोलीच्या बाजूला आले तर घरातली वाफ. खर्च काहीच नाही.

सध्या मी रविवारी पटाशीनं फोम खरवडतोय. कौलाला इतका चिकटलाय की सोडवताना कौल फुटतं. चाळीसेक गेली. पेठेत कुणाचं जुनं घर उतरणार असेल तर कळवा, मंगलोरी कौलं हवी आहेत.